उजवा पुढचा

महालक्ष्मीहून पहाटे चारला निघालेली गाडी
परळच्या फाटकातून मागे मागे येते.
उतरताना अशर्फी फळीवर थबकते,
उजव्या खुराचं नुसतं टोक टेकवून.
बाबालाल मोतद्दार काही बोलत नाही.
मुठीतला चारा खिशात घालतो.

माझं काम यंत्राचं.
डॉक्टर शिरवईकर गुंगीचं इंजेक्शन देतात,
तिची मान उतरते, खालचा ओठ लोंबतो,
आणि साडेचारशे किलोचं जनावर
बाबालालच्या खांद्यावर हनुवटी टेकून
उभ्या उभ्या पेंगतं.
"हलू देऊ नका," मी काचेआडून सांगते.
तो स्वतःचा श्वाससुद्धा माझ्या आकड्यांवर घेतो.

कडं फिरतं. पडद्यावर पाय उघडत जातो,
सुरी न लावता, चकतीमागून चकती.
नळी. सांधा. त्यामागची दोन हाडं,
पुस्तकात तिळावरून नाव पडलेली,
घोड्यात मात्र चांगली सुपारीएवढी.
आणि नळीच्या खालच्या टोकाला,
कपाला चरा जावा तशी
एक रेघ.

"इथंच ना?"
दाराशी उभा बाबालाल
अंगठा आपल्याच मनगटावर दाबून दाखवतो.
तीन दिवस तिथं हाताला ऊन लागत होतं.
ट्रेनरसाहेबांना सांगितलं.
साहेब म्हणाले, रविवारी पळवून बघू.

रात्रभर प्रिंटरमध्ये हाड वाढतं,
थरावर थर, सायीसारखं पांढरं.
अकरा तास.
आईच्या पोटात याच हाडाला
अकरा महिने लागले होते.

सकाळी डॉक्टर आधी त्यालाच भोक पाडतात:
स्क्रू कुठून, किती तिरका, कुठे थांबायचं.
पहिलं चुकतं.
चुकणार म्हणूनच मी दोन छापलेली.

चुकलेलं बाबालाल उचलतो. तोलतो.
नखाने वाजवतो,
मडकं घेताना वाजवतात तसं.
"हलकं आहे," म्हणतो. "आणि हिचा वास नाही."
मग जरा थांबून:
"टाकणार असाल तर नेऊ का?"
नोंदवहीतला तो रकाना मी रिकामा सोडते.

दुपारी भूल उतरताना
गाद्यांच्या खोलीत सगळे भिंतीला चिकटून.
दोर बाबालालच्या हातात.
उठायच्या धडपडीतच घात होतो,
हे कुणी कुणाला सांगत नाही.

उठते. तीन पायांवर.
चौथा अजून विचार करतोय.

बाबालाल खिशात हात घालतो
चारा काढायला,
आणि आधी हाड बाहेर येतं.