ओळ एकेचाळीस

औलूत नोव्हेंबरचा दिवस तीनलाच मिटतो,
त्यामुळे लॅबमध्ये रात्र किती झाली
ते करपलेल्या कॉफीच्या वासावरून ओळखायचं.

माझा सर्व्हर उठतो, पोर्ट धरतो, कान देऊन बसतो.
क्लायंट येतो. तीनदा माना हलवून
ओळख पटते दोघांची,
आणि मग काहीच नाही.
चूक नाही, इशारा नाही, कोसळणंसुद्धा नाही.
कर्सर लुकलुकतो. बस्स.

शेजारी ओस्मोचे चारशे थ्रेड धो धो पळतायत.
खारट लिकोरिस चघळत तो म्हणतो,
"टाइमआउट लाव आणि झोप जा."

हेल्लेवी बाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या कळत नाही,
बूट दाराशी, पायांत राखाडी लोकरी मोजे.
बराच वेळ नुसत्या वाचतात.
मग एक बोट माझ्या ओळ एकेचाळीसवर,
दुसरं क्लायंटच्या सत्तावीसवर.
"दोघंही ऐकतायत," म्हणतात. "बोलणार कोण?"

मला हसू आलं ते फार उशिरा,
आठ नंबरच्या बसमध्ये, एकटीला.

रविवारी बाबांना फोन. ते तिकडे इनारीत, सरोवराकाठी.
"हं," ते म्हणतात.
"हं," मी म्हणते.
पुढे दोन्हीकडे रिकामा बफर.
आई होती तेव्हा पहिलं वाक्य तीच टाकायची.
सगळा प्रोटोकॉल तिच्या एकटीच्या जिभेवर होता
हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही;
तिच्यामागे आम्ही नुसते तयार राहिलो,
उत्तरं घेऊन.

या रविवारी मी आधी बोलले.
प्रोग्राम अडकला होता म्हटलं. कसा, तेही सांगितलं,
ओळीच्या नंबरासकट.
बाबांना सॉकेट म्हणजे भिंतीतलं.
पण त्यांचा श्वास जवळ आला फोनच्या.
मग म्हणाले, "बर्फ अकरा सेंटिमीटर झालाय.
उद्या भोकं पाडून जाळं सोडीन खाली.
तुझ्या आईचं गिरमीट अजून धार धरून आहे."

निरोप झाला. फोन मात्र कुणी ठेवला नाही.
पुस्तकात याला नाव आहे:
शेवटचा शब्द वाटेत हरवलाच
तर पुन्हा देता यावा,
म्हणून निरोपानंतरही दार थोडं धरून ठेवायचं.
आमच्या मशीनवर साठ सेकंद.

पलीकडे शेगडीचं झाकण वाजलं.
बाबा लाकूड सारत होते आत,
एका हाताने.