सेकंदाला सोळा

डोमाजी निपाने. बाप कोष्टी, घर पाचपावलीत.
हात मागावर बसलेला, म्हणून कॅमेऱ्याचा दांडा
कधी पळाला नाही की अडखळला नाही.
सेकंदाला सोळा चित्रं,
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे.

माझे आजोबा त्यांचे आरसेवाले,
म्हणजे पुठ्ठ्याला चंदेरी कागद चिकटवून
उभं राहायचं, आणि नायिकेच्या तोंडावर
नागपूरचा मे महिना फेकायचा.
नायिका म्हणजे रघू सोरते.
मिशी काढायचे वेगळे बारा आणे घ्यायचा.

चित्रपट पाच केले. नावं आमच्या घरात पाठ आहेत,
लहानपणी गेलेल्या भावंडांची असतात तशी.
पहिल्यात पडद्यावर 'दिग्दर्शक' नव्हतंच,
'दाखवणार, डोमाजी' एवढंच.
दुसरा शुक्रवारी तलावावर. होडी उलटायची होती,
ती उलटली नाही, माणसंच पडली.
तसंच ठेवलं. लोक हसले,
आणि मग रडायच्या जागीही हसत राहिले.
तिसऱ्यात बायकोची एकदाणी गेली.
चौथ्याची रिळं इतवारीच्या गोदामात
उन्हाळ्यात आपोआप पेटली.
विझवायला गेलेले सांगत, पाण्यातही जळून राहिली होती.
पाचवा लागला मारबतीच्या दिवशी.
बाहेर अख्खं गाव ओरडत होतं, घेऊन जा गे मारबत!
आत अंधारात तीस माणसं.

पुढच्या वर्षी त्याच थेटरात बोलपट आला.
पेटीवाल्याला घरी पाठवलं.
डोमाजींनी तिकीट काढून पाहिला,
बाहेर आले, पान घेतलं, आजोबांना म्हणाले,
"गप्पच बसत नाहीत रे."

मग एम्प्रेस मिल. बत्तीस वर्षं.
पाळीचा भोंगा वाजवायची नोकरी.
आजोबा हे हसून सांगायचे. आजी हसायची नाही.

गेल्या दिवाळीत माळ्यावर एक डबा निघाला,
आंबूस, गंजलेला. पुण्याला पाठवला.
तीन मिनिटं चाळीस सेकंद परत आली, मोबाइलवर.
रामटेकच्या पायऱ्या. राजा लढाईला निघालाय.
राणी पदर तोंडाशी नेते. पाटी येते,
'नाथा, आपणावाचून हा देह शवासमान!'

मालूआत्याला दाखवलं. ती जन्मापासून बहिरी,
शंकरनगरच्या शाळेत शिवण शिकवायची.
पाहता पाहता खांदे हलायला लागले तिचे.
काय झालं, विचारलं, तर वहीत लिहून दिलं.

राणी म्हणते, लवकर आटप ना बे, पाय भाजून राह्यले माहे.
राजा म्हणतो, हालू नको, दाढी निघून राह्यली.
राणी म्हणते, सकाळपासून पोटात काही नाही.
राजा म्हणतो, रड आता, रड.

नव्वद वर्षांत हे कोणी ऐकलं नव्हतं.
वहीत खाली तिने आणखी लिहिलं,
मालिकावाले पाठ फिरवून बोलतात, मला कळत नाही.
हे सगळे माझ्याकडे तोंड करून बोलून राहिले.

मग शेवट. राजा गेलेला. रघू एकटा पायरीवर,
सरळ कॅमेऱ्याकडे पाहतो, ओठ हलतात.
आत्या हसायची थांबली.
पेन्सिल धरून बसली, लिहीना.
मी हात हलवला तिच्यासमोर, तेव्हा लिहिलं,
डोमाजीदादा, झालं असंन तर सावलीत या.
तुमचं डोकं उन्हात आहे.

दांडा फिरतच राहतो. सेकंदाला सोळा.
रघूच्या गालावरचा उजेड थोडा थरथरतो,
खाली घसरतो, पुन्हा वर येतो.
ते आजोबा. हात भरून आला असेल.

आत्याने बोट वर केलं, गोल फिरवलं.
पुन्हा लाव.