सव्वा फूट

सव्वा फूट माती काढायची, असं ठरलंय.
घरांभोवती, चर्चभोवती, पोरं खेळतील तिथे.
मग वर प्रवाळाचा पांढरा चुरा.
हेमोस बुलडोझर चालवतो,
मी मागून यंत्र धरून चालते.
यंत्र टकटकतं,
कोंबडीनं पत्र्यावर दाणे टिपावेत तसं.

मी इथली आहे म्हणतात.
इथे पाय ठेवून मला एकोणीस दिवस झाले.

जमीन आमच्यात आईकडून येते.
आई गेली, तेव्हा ही पट्टी माझी झाली:
एक बुजलेली विहीर, केवड्याचं बन,
आणि कुणीच न खाल्लेले इतके नारळ.
बागेतली माती मात्र काढत नाहीत, पोटॅशियम टाकतात.
मुळांना पोटॅशियम आणि सीझियम सारखंच वाटतं,
पोट भरलं की झाड दुसरं मागत नाही,
असं साहेबांनी समजावलं.
मला एबायचा धक्का आठवला.
तांदळाची पोती, डब्यातलं मांस,
तट्ट पोटांची आम्ही सगळी,
आणि जेवणाआधी दर रविवारी
या बेटाचं नाव घेताना घुटमळणारी मावशी.

लिकाजेर मावशी फोनवर ओरडून बोलते,
समुद्र मध्ये आहे ना.
"विहिरीपासून बारा पावलं, उगवतीकडे.
तिथे तुझ्या आईची नाळ पुरलीय. तेवढं सोडा."

माझी बारा पावलं केवड्यात घुसली.
मग लक्षात आलं,
बोटीत बसवलं तेव्हा मावशी आठ वर्षांची होती.
मी पावलं लहान केली.
एक माणूस बूट घालून
आठ वर्षांच्या मुलीसारखं चालतोय,
हेमोस बघत राहिला, हसला नाही.

बाराव्या पावलावर यंत्र वेड्यासारखं टकटकलं.
पालापाचोळा साठतो तिथे जास्तच असतं,
त्यात विशेष काही नाही.
हेमोसनं इंजिन बंद केलं.
माशा, लाटा.
"काढू?"

मी फोन लावला.
"मावशी, किती खोल पुरली होती?"
"आईनं हातानंच खणलं होतं. हातभर."

हातभर म्हणजे दीड फूट.
आपण सव्वाच काढतोय.
मी बोटांनी हेमोसला तीन इंच दाखवले,
त्यानं किल्ली फिरवली.

फोन अजून कानाला होता.
मावशी बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"आई फार ठेंगणी होती गं."