हजेरीपट

सकाळी सातची फेरीबोट.
एकतीस वर्षं मी वरच्या केबिनमध्ये उभा होतो,
चोडण ते रायबंदर, रायबंदर ते चोडण.
आता खाली, दोन स्कूटरींच्या मधल्या फटीत,
तुझी पिशवी धरून.
वरून नवा पोरगा हात करतो.
थोडी डावीकडे घे, मी मनात म्हणतो,
ओहोटीला तिथे वाळू वर येते.

तू कधी विडी ओढली नाहीस.
चौथीच्या वर्गात पाढे म्हटलेस,
खडूची धूळ गिळलीस, एवढंच.
डॉक्टर म्हणाले, कारण शोधू नका,
तेहेतीस दिवस मोजा.

म्हणून तू शाळेचा जुना हजेरीपट काढलास,
मागची पानं कोरी असलेला.
पट्टीने तेहेतीस रकाने आखलेस.
पहिलं नाव कुमुदिनी. खाली माझं.
रोज संध्याकाळी दोन ह.

बांबोळीला दार जाड आहे, बँकेच्या तिजोरीसारखं.
आत सावियो तुझ्या तोंडावर
तुझ्याच तोंडाची जाळी बसवतो,
टेबलाला खटाखट अडकवतो.
बाहेर लाल दिवा लागतो.
चार मिनिटं.
चार मिनिटांत बोट नदीच्या मध्यावर येते.
मी बाकावर बसून ती नेतो.
शेजारी पेडण्याचा बाबुसो विचारतो,
हातांनी काय करता हो तुम्ही?

बाराव्या दिवशी चव गेली.
विसाव्या दिवशी आवाज.
मानेची कातडी भाजलेल्या वांग्यासारखी,
तिच्यावर पदरसुद्धा नको.
मी उकड्या तांदळाची पेज गाळतो,
पुन्हा गाळतो,
चमच्याने नाही, थेंबांनी भरवतो.
तू पाटीवर लिहितेस : छान.
नंतर भांड्यातली उरलेली मी खाल्ली.
मिठाऐवजी साखर पडली होती.

घरात तूच बोलायचीस.
मी ऐकायचो, इंजिन ऐकतात तसा,
शब्द नव्हे, सूर तेवढा.
आता बोलायचं माझ्यावर आलं
आणि माझ्याजवळ नदीशिवाय काही नाही.
रात्री तुला थुंकी गिळवेना तेव्हा
मी मानशीच्या फळ्यांबद्दल सांगतो,
भरती कुठून आत शिरते,
धुक्यात भोंगा किती वेळ धरायचा.
तू खाटेची दांडी वाजवतेस.
एकदा म्हणजे पुढे सांग.
दोनदा म्हणजे हे झालंय सांगून.

सव्विसाव्या दिवशी मी आलो नाही.
तुला पुतण्याबरोबर बोटीवर चढवलं
आणि धक्क्यावरच बसून राहिलो,
बोट गेली, आली, गेली.
तिवरांत एक बगळा उभा होता,
त्यालाही काही काम नव्हतं.
संध्याकाळी माझ्या रकान्यात गै.
पाटी पुढे केलीस : कारण?
मी खडू घेतला. लिहिलं, भिती.
तू भ ला दुसरी वेलांटी केलीस.
पाटी पुसलीस.
गै तसाच ठेवलास.

तेहेतिसाव्या दिवशी सावियोने जाळी घरी दिली.
ती अंगणात उन्हात घातलेल्या सुंगटांवर
तूच उपडी ठेवलीस.
कावळे आले, तुझं तोंड बघून परतले.
तू हसलीस. आवाजाशिवाय, पोट धरून,
आणि मग दुखलं म्हणून रडलीस.

कोणी सांगितलं नव्हतं
की संपल्यावरचे पंधरा दिवस अधिक वाईट असतात.
पटात त्यांना रकाने नव्हते.

आज पहाटे पोदेराचा भोंपू वाजला
आणि तुझ्या बाजूने काहीतरी आलं,
गंजलेली बिजागरी हलावी तसं.
अहो म्हणालीस की पाव, कळलं नाही.
मी ओ दिली
आणि सुटे पैसे शोधत, अनवाणीच,
फाटकाकडे धावलो.