जानेवारीत एसी

कुवेतच्या शुवैखमध्ये, जॅकवर चढवलेल्या सनीखालून
आधी मुकादमचे पाय बोलले:
"तिसऱ्या मालकाची गाडी.
पहिल्याने मिरवली, दुसऱ्याने पिदडली,
आता तू सांभाळ."

मग तो बाहेर आला. मंडणगडचा, एकोणीस वर्षं इथे.
कंडेन्सरच्या जाळीतून त्याने काढली
मूठभर वाळू, एक वाळका टोळ
आणि कुणाच्या तरी लग्नातली चमकी.

"गॅस संपत नसतो रे, कुठूनतरी जातो.
गळती न शोधता भरून देईल
तो मेकॅनिक नव्हे, सावकार.
आणि थंडीत बंद ठेवलास
तर तेल फिरत नाही, रबरं सुकतात,
जूनमध्ये दगा देतात.
गरज नसताना चालव.
दर शुक्रवारी, दहा मिनिटं."

म्हणून आठ डिग्रीत, कानटोपी घालून
मी एसी लावून बसतो.
बिल्डिंगचा हारिस काचेवर टकटक करतो,
"मजनून?"
मी मान हलवतो. दात वाजतात.
खट्‌कन क्लच लागतो,
इंजिन एक आवंढा गिळतं,
मग चालू राहतं.

आठव्या मिनिटाला हाताला काही काम नसतं.
दादाला फोन लावतो.
"काय झालं?" तो घाबरून.
"काही नाही."
"पैसे पाठवलेस का?"
"नाही. सहज केला."

तिकडे बराच वेळ नुसत्या कोंबड्या.
मग तो म्हणतो, विहिरीवरची मोटर बदलली,
जुनी अजून पडवीतच आहे.
कुठली होती रे ती, मी विचारतो,

आणि बोटं गारठतात,
घड्याळात बावीस मिनिटं.