उताणी

दोन हिवाळे मी तिला टोकरत होतो.
हवेच्या दाबावर थरथरणारी सुई,
कानांत बोळे, तोंडावर फडकं,
आणि लोखंडासारख्या दगडातून
दिवसाला नखाएवढी मोकळी होणारी कवटी.

रेड डियर नदीच्या उतारावर सापडली तेव्हा
टाळू आभाळाकडे होता.
"या जातीची अशीच सापडतात बहुतेक," इंगा म्हणाली,
"मेल्यावर फुगतात, तरंगतात,
पाठीवरच्या चिलखताचं वजन त्यांना उलटं करतं."
म्हणजे जन्मभर जे अंगावर वागवलं
त्यानंच शेवटी उताणं पाडलं.
मी काही बोललो नाही. प्लास्टर कालवत होतो.

हाडावर हाड चढलेलं.
कपाळ फरशी घातल्यासारखं,
गालांच्या मागे शिंगांचे कोपरे,
आणि एके दिवशी, फेब्रुवारीत,
बाहेर उणे एकतीस असताना
डोळ्याच्या खोबणीतून सुटून तळहातावर आलं
एक वाकडं, चपटं, बशीच्या तुकड्यासारखं.
इंगानं चष्मा कपाळावर सरकवला.
"पापणी आहे ही."

पापणीसुद्धा हाडाची.
पापणी लवते न लवते तोच, असं आपण किती सहज म्हणतो.
हिची लवताना
दार लोटल्याचा आवाज होत असेल का?

आत बघायचं तर कापायचं नाही.
म्हणून जिल्हा इस्पितळात, रात्री अकरानंतर,
शेवटचा पेशंट गेल्यावर,
चौघांनी ब्लँकेटमधून उचलून
स्कॅनच्या फळीवर ठेवली.
डारिया हरासिमला रात्रपाळी होती.
फॉर्म भरल्याशिवाय मशीन सुरू होत नाही.
नाव? तिनं टाइप केलं: उताणी.
वय?
रकान्यात तीनच आकडे मावतात.
"पंचाहत्तर घालते," डारिया म्हणाली,
"पुढची सहा शून्यं तुम्ही लक्षात ठेवा."

माझा बाप पंचाहत्तराव्या वर्षी
याच फळीवरून आत सरकला होता.
बावीस वर्षं कोळशाच्या खाणीत,
फुप्फुसांचे फोटो काळ्यावर पांढरे,
जणू कुणी आत खडूची भुकटी सांडलीय.
हे मी डारियाला सांगितलं नाही.
तिला आठवत असेल तर असेल.

मग पडद्यावर एकेक काप उमटू लागला.
मेंदूची जागा: अंगठ्याएवढी.
आणि नाक!
इतका ठोकळेबाज, नाकासमोर चालणारा प्राणी,
आणि नाकाच्या आतच वाट सरळ नाही.
वळते, मागे येते, स्वतःवरूनच जाते,
दिवाळीतल्या चकलीसारखी म्हणेल कुणी,
मला ती जुन्या खाणीचा नकाशा वाटली.
इंगा कारणं मोजत होती:
रक्त थंड ठेवायला,
श्वासातलं पाणी वाचवायला,
किंवा आवाजाला खोली यावी म्हणून.
"किंवा तिन्ही," ती म्हणाली. "किंवा चौथंच काही."
इंगाला मी याचसाठी मानतो.

मार्चमध्ये त्या पोकळीचा साचा छापून आला,
निळ्या प्लास्टिकचा, हलका, खेळण्यासारखा.
सगळे जेवायला गेले होते.
बापाला शेवटी एक यंत्र दिलं होतं इस्पितळानं,
नळी, आणि तीन डब्यांत तीन चेंडू.
जोरात ओढा, म्हणायची नर्स.
एक चेंडू उठायचा. अर्ध्यावर थांबायचा.
तो आमच्याकडे असं बघायचा
जणू चोरी पकडलीय.

मी साच्याला तोंड लावलं आणि फुंकलं.

पहिल्यांदा नुसती वाफ.
दुसऱ्यांदा श्वास सगळी वळणं घेत गेला,
कुठेतरी अडला, पुन्हा निघाला,
आणि पलीकडून एक जाड, बसका सूर आला,
शिंक नव्हे, हाक नव्हे.
बाहेर पार्किंगमध्ये, ट्रकच्या सावलीत झोपलेला
इंगाचा म्हातारा कुत्रा उठून बसला,
आणि दाराकडे नव्हे,
नदीकडे बघू लागला.

संध्याकाळी नोंदवहीत एकच रकाना उरला होता:
सापडली तेव्हा पापणी उघडी की मिटलेली?
मी पेन्सिल बराच वेळ धरून बसलो.
मग लिहिलं, अर्धी.