गमे छे ने?

फतेहगंजच्या माझ्या बाइंडिंगच्या दुकानात
तामांदा थिसिसच्या पाच प्रती घेऊन आली.
काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, शुक्रवारपर्यंत हवं.
पावतीपुस्तकं न्यायला आलेले दलसुखभाई
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
कुठली? मलावी? ते कुठे आलं?
आणि तिचं सांगून व्हायच्या आत,
अमारुं इन्डिया गमे छे ने?

आपणुं नाही. अमारुं.

बहु गमे छे, ती म्हणाली.
'बहु'वर जोर, मान किंचित कलती.
तीन वर्षांत घासूनपुसून लख्ख झालेलं उत्तर:
रिक्षावाल्याला हेच, बँकेत हेच,
परवान्यावर शिक्का मारणाऱ्या साहेबाला तर
त्यानं विचारायच्या आधीच.
दलसुखभाई खूश. पुस्तकं बगलेत मारून गेले.

पंगतीत वाढपी असा उभा राहतो,
पळी हातात, नजर आपल्या घासावर:
कशी झालीय आमटी?
आता तिथं कोण म्हणेल, मीठ जरा…

मला माहीत आहे ती मान कशी कलते.
आमची इथली पाचवी पिढी.
दांडिया बाजारात जन्मलो, शेव-उसळीवर वाढलो,
हिशेब गुजरातीत करतो, शिव्याही,
तरी नवं गिऱ्हाईक पाटीवरचं 'गुप्ते' वाचून विचारतं,
तमे मूळ क्यांना?
मूळ. जसं काही मी कुंडीतून उपटून
दाखवणार आहे.
आणि पुण्यात, भाचीच्या साखरपुड्याला,
मी सहज म्हणालो, चहा मुकू का?
(आमच्याकडे चहा ठेवत नाहीत, मुकतात.)
खोलीभर हसू. अरे, चहाला मुकतोस कशाला!
मग कुणीतरी दयेनं,
आवडतं का रे तुला तिकडे, गुजरातेत?
बहु, येत होतं तोंडात.
हो, खूप, म्हणालो.

सुरसागर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा
तामांदा हसली होती, तिनंच सांगितलं: ह्याला सागर?
तिच्या गावी तळं आहे,
पलीकडचा काठ दिसत नाही,
पहाटे होड्या परततात, बोटाएवढे मासे
बांबूच्या मांडवावर वाळत घालतात.
तुझं तळं तुला आवडतं का,
असं कुणी विचारत नाही.

मी सुईत दोरा ओवत होतो.
म्हटलं, आमच्यात एक वेगळं विचारतात:
करमतं का?
म्हणजे काय?
आली पंचाईत.
म्हटलं, ह्यात देश येत नाही, प्रेमबीम नाही.
दिवस कलल्यावर, खोलीचं दार लावल्यावर
वेळ तुझ्या शेजारी बसतो
की अंगावर येतो, एवढंच.
सासरी गेलेल्या पोरीला विचारतात,
वसतिगृहातल्या पोराला,
नव्या गोठ्यात बांधलेल्या म्हशीबद्दलसुद्धा.
नाही म्हटलेलं चालतं.

बराच वेळ गेला.
पंख्याखाली सुटी पानं फडफडत होती,
तिनं त्यांच्यावर माझी हातोडी ठेवली.

रविवारी नाही, ती म्हणाली.
बाकी दिवस ठीक.
रविवारी खाली घरमालकांकडे
सगळं कुटुंब जेवायला जमतं,
भांड्यांचा आवाज वर येतो.

काही बोलण्यासारखं सुचलं नाही मला.
तिसऱ्या प्रतीत एकशे बारा नंबरचं पान
उलटं लागलं होतं.
टाके उसवले, पुन्हा घातले.
मग म्हटलं, रविवारी दुकान
एकपर्यंत उघडं असतं.
चहा मुकतो मी अकराला.